हिरवं टोपण कुणाचं

पडद्यावर एक टेकडी होती, टेकडीच्या खाली एक मैदान होतं, आणि यातली आई कोणती हे तिला आठवेना. आधी तिला हसूच आलं. असं होतं कधीकधी, म्हणून तिनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. टेकडी टेकडीच राहिली आणि मैदान मैदानच. काल संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर तिनं ट्रेच्या शेवटच्या दोन रिकाम्या घरांत दोन काचेच्या कुप्या ठेवल्या होत्या. एका कुपीला हिरवं टोपण, दुसरीला पांढरं. एकीत आईची लघवी, दुसरीत तिची स्वतःची. मशीननं रात्रभर आपलं काम केलं होतं आणि सकाळी निकाल समोर मांडला होता : हिरव्या टोपणात तपासायचं द्रव्य भरपूर, म्हणून टेकडी; पांढऱ्यात औषधालासुद्धा नाही, म्हणून मैदान. इथपर्यंत सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. त्याच्यापुढे, हिरवं म्हणजे कोण, एवढं जिथं असायला हवं होतं तिथं नुसती मोकळी जागा होती. दात पडल्यावर जीभ पुन्हापुन्हा त्या खाचेत जाते तसं तिचं मन तिथं जाऊन परत येत होतं. मग मात्र तिला हसू येईना.

"ताई, आज स्वारी लवकर?" लंबूनं दारातूनच विचारलं. मशीनचं सगळं तोच बघायचा. उंच इतका की प्रयोगशाळेतल्या वरच्या फळीवरचं सामान काढायला त्याला कुणी शिडी देत नसे. तिनं पडदा झटकन बंद केला. हातून खून झाल्यासारखी तिच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि झालं काय होतं, तर दोन कुप्या. पण नियम म्हणजे नियम. ट्रेमध्ये फक्त प्रयोगातल्या माणसांच्या कुप्या जायच्या. त्यांच्यावरही नावं नसायची, नुसते आकडे, म्हणजे तपासणाऱ्याचं मन कुणाच्या बाजूनं झुकायला नको. प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाई हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगायच्या आणि नंतरही अधूनमधून सांगत राहायच्या. तिला ते सांगावं लागत नसे. उभ्या नोकरीत तिनं हेच केलं होतं. माणूस कोण हे न बघता त्याच्या आतलं काय ते बघायचं.

आतलं म्हणजे अगदी आतलं. डाळिंबाच्या दाण्यांत आणि अक्रोडात एक द्रव्य असतं. ते तसंच्या तसं अंगाला फारसं लागत नाही. आतड्यात जीवाणूंची जी वसाहत असते, त्यातले काही विशिष्ट जीवाणू ते द्रव्य कुरतडून कुरतडून लहान करतात, आणि ते लहान झालेलं द्रव्य मग रक्तात उतरतं, अंगभर हिंडतं, कदाचित मेंदूपर्यंत पोचतं. उंदरांना त्याचा फायदा झालेला दिसला होता. म्हातारे उंदीर चक्रव्यूहातली वाट थोडी जास्त लक्षात ठेवू लागले होते. माणसांचं अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, म्हणून तर हा प्रयोग. आणि त्यातली खरी मेख अशी की ते जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतातच. काहींनी मूठभर दाणे खाल्ले तरी आलेखावर टेकडी उभी राहते, काहींनी पोती रिचवली तरी मैदान ते मैदानच. प्रयोगशाळेत टेकडीवाले आणि मैदानवाले असे दोन पक्षच पडले होते. लंबूनं एकदा गंमत म्हणून स्वतःची तपासणी केली होती, डॉक्टरबाईंच्या परवानगीनं, आणि तो मैदानवाला निघाला होता. "माझं पोट म्हणजे सरकारी कचेरी आहे," तो सगळ्यांना सांगत सुटला होता, "कागद आत येतो, पुढं काही सरकत नाही." सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती. आई तेव्हा चांगली होती.

चांगली म्हणजे काय, हेही आता नेमकं सांगता येईना. सुरुवात कुठून झाली? आई दिव्याच्या बटणांपाशी हात उंचावून नुसती उभी राहिली होती, कोणतं बटण न्हाणीघराचं ते कळेना म्हणून, तिथून? की त्याच्याही आधी, धाकट्या भावाच्या बायकोला तिनं फोनवर "आपण कोण?" असं अगदी अदबीनं विचारलं होतं तिथून? आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळात नंबर सांगायचा आणि मग बाईनं तार जोडून द्यायची. आईला अख्ख्या गावाचे आवाज पाठ होते. कुणी नुसतं खाकरलं तरी आई म्हणायची, बोला वकीलसाहेब, घरी जोडू का? कानावर सगळं पडायचं, पण तोंडातून अवाक्षर निघायचं नाही. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा मुलगा परदेशात कशात अडकलाय, सगळं तिच्या पोटात. जेवताना बाबा तिला खोदून खोदून विचारायचे आणि ती ताकास तूर लागू द्यायची नाही. "आपण जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं" एवढंच म्हणायची. त्या बाईला न्हाणीघराचं बटण सापडेना. डॉक्टरांनी तपासलं, चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, आणि वयोमानानं होतंच असं सांगून एक गोळी लिहून दिली. त्या गोळीनं आईला नुसती झोप यायची. तेव्हापासून ती रोज प्रयोगशाळेतून येताना डाळिंबं आणू लागली. तिचा त्यावर विश्वास होता का? विश्वास वगैरे शब्द तिच्या कामात बसत नव्हते. पण दुसरं काय करता येणार होतं? संध्याकाळी ती डाळिंब सोलायची, सोलता सोलता चार दाणे आपल्या तोंडात टाकायची, वाटी भरून खिडकीपाशी आईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "खा हं सगळे. डोक्याला चांगलं असतं. विसरायला होत नाही." मग ती संध्याकाळच्या अंघोळीला जायची, स्वयंपाकाला लागायची. थोड्या वेळानं वाटी रिकामी असायची. ती रिकामी वाटी धुताना दिवसातलं एकच काम धड झाल्यासारखं तिला वाटायचं.

वर्ष होत आलं होतं. आणि आई तर घसरतच चालली होती. म्हणून मग तिच्या मनात पाल चुकचुकली : आई मैदानवाली असली तर? तर हे सगळं पाण्यात. मग आपण रोज संध्याकाळी आईला नुसतं फळ खाऊ घालतोय आणि त्याला औषध म्हणतोय. ते कळायलाच हवं होतं. म्हणून तो बाटल्यांचा खटाटोप. काल सकाळी आईला न्हाणीघरात बाटली धरायला सांगितलं तेव्हा आई इतकी संतापली की शेजारी ऐकू गेलं असेल. "मी काय लहान आहे? का वेडी आहे?" मग तिनं थाप मारली की दोघींची तपासणी करायची आहे, तुझी एकटीची नाही, माझीही. त्यावर आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि मुकाट्यानं बाटली घेऊन आत गेली. थाप खरी करायला म्हणून तिनं स्वतःचीही बाटली भरली. तशी तुलनेला एक कुपी असलेली बरी, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि मग टोपणं. न्हाणीघरात खिडकीच्या कट्ट्यावर दोन कुप्या ठेवून ती उभी होती, हे तिला लख्ख आठवत होतं. नावं लिहायची सोय नव्हती. लंबूच्या किंवा डॉक्टरबाईंच्या नजरेला पडलं तर नसती पंचाईत. मग ठरवलं, रंगावरून लक्षात ठेवू. आईला हिरवा रंग आवडतो, तिचा स्वेटर हिरवा, तेव्हा हिरवं आईचं. हे तिनं ठरवलं होतं, नक्की ठरवलं होतं. पण लगेच दुसरा विचार आला होता : असं केलं तर उद्या पडद्यावर हिरव्याकडे बघताना आपलं मन आईच्या बाजूनं झुकणार. खोट्या टेकड्या दिसायला लागणार. म्हणून मुद्दाम उलटं करावं, पांढरं आईचं. हेही तिला आठवत होतं. उभ्या नोकरीची सवय, स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधायची. मात्र त्यानंतर तिच्या मनात तिसरा विचार आला होता की नाही? की उलटं केलंय हे तर आपल्याला माहीतच आहे, मग मन उलट बाजूला झुकेल, त्यापेक्षा सरळच बरं? तिसरा विचार काल आला होता की आत्ता, या खुर्चीवर बसून, येत होता? तिनं डोळे मिटले. कट्टा दिसला, काचेवरची वाफ दिसली, आपले हात दिसले. हातांतल्या टोपणांना मात्र रंगच नव्हता.

दुपारी तिनं डबा उघडला तर भातावर डाळिंबाचे दाणे पसरलेले. "काय ताई, रोज डाळिंब!" लंबू म्हणाला, "थाट आहे बुवा." ती हसल्यासारखं करून दाण्यांकडे बघत राहिली. हे गेले कितीतरी महिने चाललं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डबा ती आदल्या संध्याकाळी भरून फ्रिजमध्ये ठेवायची. भात घातल्याचं आठवायचं, भाजी घातल्याचं आठवायचं. दाणे घातल्याचं कधीच आठवायचं नाही. पहिल्यांदा तिनं मनावर घेतलं नाही, घाईत घातले असतील. मग ते रोज व्हायला लागलं. रोज दुपारी झाकण उघडलं की दाणे असायचे, लाल, टपोरे, आपण काहीतरी केलं आणि ते आपल्याला ठाऊक नाही याचा रोजचा पुरावा. ती ते खाऊन टाकायची, भराभर, पुरावा नाहीसा केल्यासारखं. आणि आता हे टोपणाचं. आईचंही असंच सुरू झालं असेल का? आईलाही दुपारच्या वेळी, एकटीला, असंच कळलं असेल, आणि तिनं ते पोटात ठेवलं असेल? तिला एकाएकी भयंकर भीती वाटली. आपल्यानंतर आईकडे कोण बघणार, ही नव्हे. ती तर जुनी, रोजच्या वापरातली भीती होती. ही अगदी स्वतःची, कोरी करकरीत.

"ताई, बरं वाटत नाही का?" लंबूनं विचारलं.

"नाही रे. डोकं जरा जड झालंय."

"मग खा ना दाणे. तुम्हीच तर सांगता."

त्या संध्याकाळी फळवाल्यानं नेहमीप्रमाणे तिला बघताच डाळिंबं निवडायला घेतली. ती निवडण्यात तो वाकबगार होता. बोटानं टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिला वाटलं, याला विचारावं, बाबा रे, मी काल आले होते का? पण तिनं पैसे दिले आणि पिशवी घेतली. रस्ता रोजचाच होता. चाव्या बनवणाऱ्याची खोपटी, दवाखान्याची निळी पाटी, चढावर थांबून दम खाणारी माणसं. ती आज एकेक गोष्ट मुद्दाम तपासत चालली होती, ही आहे, ही पण आहे, जणू कुणीतरी तिची परीक्षा घेणार होतं. दवाखान्याच्या पाटीखाली एक बाक असायचा, तो दिसेना. ती थांबली. बाक काढला होता की तिथं नव्हताच कधी? ती इतका वेळ उभी राहिली की एका बाईनं तिला विचारलं, "कुणाचं घर शोधताय का?" "नाही नाही," ती म्हणाली आणि लाजून झपाझप चालू लागली.

घरी आई खिडकीपाशी बसून फोनवर बोलत होती. धाकट्याचा फोन. ती चपला काढता काढता ऐकत राहिली. "आम्ही मजेत आहोत," आई सांगत होती, एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या, घडी घातल्यासारख्या आवाजात, "काही काळजी करू नकोस. ती जरा दमते हल्ली. नाही, नाही, तसं काही नाही. मी आहे ना. मी बघते." तिला एरवी याचं हसू आलं असतं. ती स्वतः धाकट्याला अगदी हेच सांगायची, शब्दसुद्धा हेच : आई बरी आहे, जरा दमते, मी आहे ना. कुणाला कोण सांभाळतंय तेही आईला आता उमगत नाही, असं वाटून तिला गलबलून आलं. तिनं डाळिंब सोललं, वाटी भरली, आईच्या हातात दिली. "बाबा आले का?" आईनं विचारलं. बाबांना जाऊन किती काळ लोटला होता. "येतील," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली. न्हाणीघरातल्या कट्ट्यासमोर ती पुन्हा उभी राहिली, जिथं कुप्या ठेवल्या होत्या अगदी तिथं, हात तसेच धरून. अंगावर पाणी घ्यायचं विसरून. तेव्हा तिला सुचलं. इतकं सोपं होतं की तिनं कपाळावर हात मारून घेतला. आईला पुन्हा त्रास द्यायचं कारणच काय? स्वतःची एकटीची तपासणी पुन्हा करायची. आपण टेकडी निघालो की हिरवं आपलं आणि मैदान आईचं. आपण मैदान निघालो की उलट. दिवसभर हे सुचलं नाही, याचीही तिनं मनात नोंद घेतली.

पण सुचल्यावर आनंद व्हायला हवा होता, तो होईना. सकाळी तिनं कुपी भरली, टोपणावर शाईनं आपलं आद्याक्षर घातलं, मग हातात घेऊन उगाच बसून राहिली. काय हवं होतं तिला? आई टेकडी निघावी असं हवं होतं, अर्थात. म्हणजे आपण मैदान. म्हणजे आईला पुढंमागं काही फायदा होण्याची आशा उरते, आणि आपल्या पोटात ते जीवाणू नाहीत, आणि आपण आत्ताच विसरायला लागलोय. तिनं स्वतःला बजावलं की आपल्याला हेच हवं आहे. बजावताना तिला कळलं की आत कुठंतरी आपण अगदी याच्या विरुद्ध मागतोय, हलक्या आवाजात, आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. तिला स्वतःची शिसारी आली. ती तशीच कुपी पर्समध्ये टाकून निघाली. लंबू यायच्या आत सकाळच्या ट्रेमध्ये ती सरकवायची होती.

दुपारी निकाल आला. टेकडी, भली थोरली, हिरव्या टोपणाच्या टेकडीची सख्खी बहीण शोभावी अशी. लंबू पाठीमागून येऊन वाकला. "कुणाचा हा, ताई? दणदणीत आहे." ती चष्मा पुसू लागली. "कोण का असेना," तो म्हणाला, "नशीबवान माणूस आहे." तिनं मान हलवली. तर पांढरं आईचं. पोटभर डाळिंबं खाऊन आई मैदान. वर्षभराच्या संध्याकाळी, बोटांना लागलेले ते काळपट डाग, रिकाम्या वाट्या, सगळं त्या सपाट रेघेत जाऊन पडलं होतं. आणि त्याच्या तळाशी, तिला नको असताना, एक हायसं वाटणं होतं. आपण टेकडीवाले आहोत. तिनं डबा न उघडताच बाजूला सारला.

येताना फळवाल्यासमोरून ती मान खाली घालून गेली. "ताई!" त्यानं हाक मारली, "आज नको?" तिनं हातानंच नाही म्हटलं. वर्षात पहिल्यांदाच ती रिकाम्या हातानं घरी चालली होती. काय करायचं घेऊन? दवाखान्याच्या पाटीखाली आज बाक होता, रंग देऊन परत ठेवलेला, ओल्या रंगाचा कागद चिकटवलेला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला काहीच वाटलं नाही. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं. काही सांगायचं नाही. आईला कुठं आठवणार आहे? दोनचार दिवसांत आई डाळिंबं विसरून जाईल, आपल्या आयुष्यात अशी एक वाटी होती हेही विसरून जाईल, आणि मग ते फक्त आपल्याला ठाऊक राहील.

दार आईनंच उघडलं. तिची नजर पहिल्यांदा तोंडाकडे गेली, मग हाताकडे.

"डाळिंब?"

ती दारातच थबकली. "आज नाही आणलं."

"का?"

"मिळालं नाही," ती म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज चिरकला.

"असू दे, असू दे," आई घाईघाईनं म्हणाली, लहान मुलाची समजूत घालावी तशी, आणि तिच्या दंडाला हात लावून तिला आत घेऊन आली. "मी ठेवलेत थोडे." आणि स्वयंपाकघरात जाऊन, जराही न घोटाळता, दिवा लावून, आईनं फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यात भाज्यांच्या मागं हात घातला आणि झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा बाहेर काढला. तो डबा तिनं जन्मात पाहिला नव्हता. नाही, पाहिला होता, बाबांच्या गोळ्यांचा होता तो. आत डाळिंबाचे दाणे गच्च भरलेले. कालचे, अगदी टवटवीत.

"हे काय आहे?"

"तुझे," आई म्हणाली. "डब्यात घालते ना मी सकाळी, तू अंघोळीला गेलीस की. भातावर. खातेस ना सगळे?"

तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. बाहेर अजून उजेड होता आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं. तिला एकदम सगळं समजलं आणि काहीच समजेना. "रोज?" तिनं विचारलं.

"रोज नाही तर काय. एक दिवस घालून काय होतं? तूच म्हणतेस, डोक्याला चांगलं असतं, विसरायला होत नाही."

"अगं, ते तुझ्यासाठी आणत होते मी! तू खायला म्हणून!" ती ओरडलीच. तिला भयंकर संताप आला. वर्ष. अख्खं वर्ष. मैदान आईचं होतं ते बरोबरच होतं, पण ते मैदान काहीच सांगत नव्हतं. आईच्या पोटात दाणाच गेला नव्हता. ते जीवाणू आईकडे असतील, नसतील, कुणाला ठाऊक. उपाशी माणसाला जेवण पचतं की नाही असं ती तपासत बसली होती. आतड्यांच्या गोष्टी सांगणारी ती, माणसानं ते खाल्लंय का एवढं विचारायला विसरली होती. "का केलंस असं? का?"

आई घाबरली नाही. तिनं डबा ओट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि ती समोर बसली. "माझं काय राहिलंय आता," ती म्हणाली. "तुझं अजून सगळं व्हायचंय. तू विसरायला लागलीस, बाळा. मी बघते ना. फ्रिज उघडून नुसती उभी राहतेस. गोळी दिली का, म्हणून मलाच दोनदोनदा विचारतेस. परवा न्हाणीघरात त्या बाटल्यांसमोर उभी होतीस, दार अर्धं उघडं होतं, किती वेळ उभी होतीस! मी हाक नाही मारली. म्हटलं, तिला वाईट वाटेल." तिनं पदर सावरला. "आणि तपासायचं म्हणालीस तेव्हा कळलंच मला. एकटीला लाज वाटते म्हणून माझंही नाव पुढं केलंस. म्हणून दिली मी बाटली. धाकट्याला नाही हं सांगितलं काही. कुणाला नाही सांगितलं."

तिनं ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. एक डबा भाज्यांमागं दडवायचा, संध्याकाळी वाटीतले दाणे त्यात भरायचे, रोज सकाळी पाण्याचा आवाज सुरू झाला की झाकण उघडायचं, आणि वर्षभर याची कुणाला दाद लागू द्यायची नाही. हे सगळं कुणाच्या लक्षात राहिलं होतं? न्हाणीघराचं बटण न सापडणाऱ्या बाईच्या. आणि भातावरच्या त्या दाण्यांना ती स्वतः रोज आपल्या डोक्याच्या ऱ्हासाची खूण समजून गिळत होती. म्हणजे आपण विसरत नाही आहोत? दाण्यांचं तरी नाही. पण टोपणाचं? टोपणाचं विसरलोच की. मग आई म्हणते ते खरं आहे का? आई खरं सांगतेय की तिची गफलत होतेय, आणि गफलत असली तर ती नेमकी कुठं सुरू होते? तिला धागा पकडता येईना. संताप कुठं गेला तेही कळलं नाही. तिला फक्त आईच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि रडावंसं, आणि ते दोन्ही केलं तर आई आणखी घाबरेल अशी काळजीही वाटली.

"बाबा आले का?" आईनं मध्येच विचारलं.

"येतील," ती म्हणाली.

मग ती उठली. तिनं डबा उघडला, वाटी काढली, दाणे ओतले, चमचा घेतला. आईनं नेहमीसारखी वाटी घेण्यासाठी हात पुढं केला, पण तिनं ती दिली नाही. खुर्ची अगदी जवळ घेऊन ती आईसमोर बसली. उभ्या नोकरीत तिनं कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आता ती जे बोलणार होती ते तिच्या ओठांवर आपोआप आलं.

"आई, डॉक्टरबाई काय म्हणाल्या सांगू? माझी तपासणी झाली ना, त्यात निघालं. माझ्या एकटीच्या पोटात ते होत नाही. आईनं खाल्लं तरच लेकीला लागू पडतं."

आईच्या भुवया आकसल्या. गावभरच्या थापा ऐकलेला तो कान होता. "असं कसं?"

"आहे तसं. एकेकाचं पोट असतं."

"मी खाल्ले की तुला आठवायला लागेल?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. तू खाल्ले नाहीस म्हणूनच तर माझं असं झालं."

आई विचारात पडली. वाटीकडे बघत, काहीतरी जुळतंय का ते मनात लावून बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू कळवळला. "आधी सांगायचं नाहीस का गं," ती म्हणाली. "मी उगाच ठेवत बसले. रोज खायचे?"

"रोज. माझ्यासमोर."

"आणि मी विसरले तर?"

"मी आठवण करून देईन."

आईनं तिच्याकडे पाहिलं. "तू?" असं म्हणून ती खुदकन हसली, आणि मग लेकीला वाईट वाटू नये म्हणून तिनं पटकन तोंड उघडलं.